थट्टेची सोयरी

सिस्टर अग्रिपिना आमच्या लुवांगोच्या डोंगरावर आली, त्या दिवशी तिच्याशी सगळ्यात आधी मी बोलले, आणि बोलले ते असं की तिच्या जागी दुसरी कुणी असती तर आल्या ट्रकने परत गेली असती.

माफिंग्याहून सिमेंट आणणाऱ्या ट्रकमधून ती उतरली. बुटकी, काळीकुळकुळीत, राखाडी झग्याखाली पुरुषी गमबूट, डोक्यावर औषधांची पेटी. आमचा धर्मशिक्षक फिदेलिसी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून स्वागताला उभा होता. फादर महिन्यातून एकदाच यायचे, म्हणून एरवी प्रार्थना, दफन, लग्नाच्या नोंदी सगळं त्याच्याकडे, आणि त्याचा त्याला जरा माज होता. त्याने कागद वर धरून मोठ्याने वाचलं, "सिस्टर अग्रिपिना न्योनी." न्योनी हे आडनाव म्हणजे सोंगेयाकडची न्गोनी जमात, आणि आम्ही हेहे. मला तेवढंच पाहिजे होतं.

"काय गं ए पळपुटे," मी गर्दीतून ओरडले. "आमच्या पणजोबांनी तुमच्या पणजोबांना पळवलं, ते धावत धावत सोंगेयाला जाऊन थांबले. तू परत कशाला आलीस? ढाल विसरली होती का?"

फिदेलिसीचा चेहरा पडला. सिस्टरने पेटी सावकाश खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि माझ्या अंगणाकडे मान लांब करून बघितलं.

"ढाल नाही, आमचं कुत्रं राहिलं होतं मागे. पण तुझ्या अंगणात हाडं दिसतायत. म्हणजे आता ते मिळायचं नाही."

हेह्यांना कुत्रेखाऊ म्हणायची हिंमत फक्त न्गोनीचीच. बाया पोट धरून हसल्या. मी मनात म्हटलं, शेरास सव्वाशेर भेटली.

फार पूर्वी हेहे आणि न्गोनी एकमेकांचा जीव घेत होते. मग तह झाला, आणि तेव्हापासून आम्ही थट्टेचे सोयरे. न्गोनी मला काहीही बोलू शकतो, माझ्या अंगणातली कोंबडी उचलून नेऊ शकतो, आणि मी रागवायचं नाही. जो रागावेल त्याला दंड. आणि आमच्यात कुणी मेलं, की मयताला आंघोळ घालायला, त्याची नक्कल करायला, घरच्यांना हसवायला सोयराच लागतो. आधीच्या सिस्टर समुद्रापलीकडून आल्या होत्या. फार चांगल्या, पण त्यांना कोण कुत्रेखाऊ म्हणणार आणि त्या कुणाला म्हणणार? त्यांच्यासमोर आम्ही आपले हात जोडून उभे.

हिचा दिवस कोंबड्याच्या आधी सुरू व्हायचा. प्रार्थना आटोपली की पेटी डोक्यावर आणि बूट पायात. आमच्या डोंगरावर सहा वाड्या, मध्ये दोन ओढे, आणि प्रत्येक वाडीचा तिचा वार ठरलेला. चर्चच्या पेरूच्या झाडाला काटा टांगून त्यात ती पोरांना लंगोटासारख्या झोळीत लटकवून वजन करायची. पोर रडलं की आईला म्हणायची, "वजन कसं वाढेल? बांबूची दारू तू पितेस आणि याला दूध कुठून मिळायचं?" दात काढताना तर तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचाच नाही. "उघड तोंड, बघू शेपूट अडकलंय का!" माणूस हसायला तोंड उघडायचा आणि दात तिच्या चिमट्यात. दुपारी मुलांना प्रार्थना शिकवायची, घेवड्याच्या शेतात खुरपायची, संध्याकाळी माझ्या चुलीपाशी येऊन न विचारता भाजलेलं कणीस उचलायची. हक्कच होता तिचा. थकली की बोलता बोलता बसल्या जागी झोपायची, कणीस हातातच.

पण तिचं खरं काम मी कलिंगा म्हाताऱ्याच्या मयताला पाहिलं.

हा कलिंगा डावा पाय ओढत चालायचा आणि कुणी नमस्कार करायला उशीर केला तर काठी उगारायचा. एक नंबरचा कंजूष. सगळे त्याचे गोडवे गात होते. एवढ्यात सिस्टर आतून आली ती त्याचा कोट घालून, हातात त्याची काठी, डावा पाय ओढत. "मला नमस्कार कोण करणार? तुझा बाप?" म्हणत तिने फिदेलिसीच्या पोटावर काठी टेकवली. कलिंगाची म्हातारी रडता रडता फुटली, एवढी हसली की तिला धरावं लागलं.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," सिस्टर म्हणाली. "जिवंतपणी हा कुणाला पाण्याचा घोट देत नव्हता, आणि आता म्हणे उदार!"

मग ती सरळ खड्ड्यात उतरली आणि आडवी झाली. सोयऱ्याने खड्डा अडवायचा आणि काहीतरी वसूल केल्याशिवाय उठायचं नाही, ही आमची रीतच. पण झगा घातलेली, गळ्यात क्रूस असलेली बाई ते करेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

"बकऱ्याची तंगडी कबूल करा," आतून आवाज आला. "नाहीतर मी आत आणि तुमचा म्हातारा बाहेर."

"सिस्टर, शोभत नाही हे," फिदेलिसी काठावर वाकून कुजबुजला. "बिशपना कळलं तर?"

"त्यांनाही सांग, सरकून जागा करते."

तंगडी कबूल झाली. नंतर मी तिला विचारलं, "खरंच भीती नाही वाटत गं, आत पडायला?" ती म्हणाली, "आपला प्रभू आत तीन दिवस राहिला. मला अर्ध्या तासातच कंबर दुखायला लागते, एवढाच काय तो फरक." मी तोंडात बोटं घातली. देवाबद्दल असं बोलणारी आणि तरी पहाटे चार वाजता त्याच्यासमोर गुडघे टेकणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

मग तो आजार आला. त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, आम्ही नुसतं 'किडा' म्हणायचो. हमरस्त्यावर काम करणारी तरणी माणसं वाळून काटकी होऊन घरी यायची आणि मरायची. पहिला ल्यूका, ट्रक चालवायचा तो. सिस्टर तेव्हा पलीकडच्या डोंगरावर अडकली होती. ल्यूकाच्या भावांनी त्याला आंघोळसुद्धा घातली नाही. शेतात अंथरायच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, लांब बांबूंनी ढकलत खड्ड्यात लोटलं, घाईघाईने माती ओढली. त्याच्या आईने मोठं पातेलंभर मक्याच्या पिठाची उगाली शिजवली होती. मयताच्या घरचं जेवल्याशिवाय आमच्यात कुणी जात नाही. त्या दिवशी एकानेही घास घेतला नाही. संध्याकाळी म्हातारीने ते सगळं उकिरड्यावर ओतलं. मी पाहिलं, आणि मीही जेवले नव्हते.

दोन दिवसांनी सिस्टर परतली. तिला मी तशी चिडलेली कधी पाहिली नव्हती. "सोयऱ्याला न बोलावता पुरलंत?" एवढंच ती म्हणाली आणि एकटीच ल्यूकाच्या मातीपाशी गेली. मी मक्यात गवत काढत होते. ती मातीच्या ढिगाशेजारी मांडी घालून बसली आणि ल्यूकाची थट्टा करू लागली, त्याच्या कर्कश हॉर्नची, त्याच्या बायकोला भिण्याची. समोर कुणी नाही, हसणारं कुणी नाही. तासभर ती बोलत होती. मी खुरपं तिथेच टाकून घरी आले.

त्याच साली जूनमध्ये, आमच्याकडे तेव्हाच थंडी असते, माझी ओताविना, आमची ओता, घरी आली.

चोवीस वर्षांची माझी एकुलती एक मुलगी. मकंबाकोला रस्त्यावरच्या खानावळीत कामाला होती. ट्रकवाल्याने तिला पोत्यासारखं उतरवून दारात ठेवलं. मी सगळ्यांना सांगितलं, पोटाचं दुखणं आहे. लोक "हो का" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारावरून जायचे बंद झाले. ओता जगणार नाही हे मला कळत होतं, त्यावर तेव्हा आमच्याकडे औषधच नव्हतं. तिच्या मरणाचं दुःख मी गिळलं असतं. पण तिलाही प्लास्टिकमध्ये गुंडाळतील, बांबूंनी ढकलतील, माझ्या लेकीच्या नावाचं जेवण उकिरड्यावर जाईल, ते मला गिळवणार नव्हतं. देवाकडे मी एवढंच मागत होते, की तिला माणसासारखं पुरलं जावं.

तिसऱ्या दिवशी सिस्टर आली, न विचारता आत शिरली, ओताच्या खाटेवर बसली आणि तिचं मनगट हातात धरलं.

"शहरात जाऊन एवढंच मांस कमावलंस गं? तुझ्यासाठी खड्डा तरी कशाला खणायचा? उंदराचं बीळ पुरेल."

माझं डोकंच फिरलं. मी केरसुणी उचलली आणि तिच्या पाठीत घातली. "चालती हो! माझी पोर मरतेय आणि तुला चेष्टा सुचतेय?" ती उठली. पेटी उचलून निघून गेली. मी धापा टाकत दारात उभी होते, आणि मागून कसला तरी आवाज आला. मला वाटलं ओताला घरघर लागली. वळून बघते तर ती हसत होती. खोकत होती आणि हसत होती.

"उंदराचं बीळ!" ती म्हणाली. "आई, तिला परत बोलाव. किती महिन्यांत कुणी माझी थट्टाच केली नाही. सगळे माझ्याशी असे बोलतात की मी आधीच मेलेय."

थट्टेच्या सोयरीवर मी रागावले होते, तिला मारलंसुद्धा होतं. असली चूक आमच्यात लहान पोरसुद्धा करत नाही. मी दंड म्हणून माझी एकुलती कोंबडी काखेत मारली आणि तास-दीड तास चालत, त्या दिवशी तिचा वार होता त्या वाडीत गेले. सिस्टरने कोंबडी हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"कोंबडी आहे की कोंबडीचं भूत?"

"घ्यायची तर घे, भिकारडे," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. तिने कोंबडी सोडून दिली आणि पेटी उचलली. "चल, अंधार व्हायच्या आत पोचू."

त्यानंतर पाच महिने ती एक दिवसाआड येत राहिली. ओताला कूस बदलून द्यायची, जखमा धुवायची, केस विंचरायची. हातमोजे संपले की साखरेच्या पिशव्या हातात घालायची, त्याही संपल्या की तशीच. दोघींचं भांडण वाडीभर ऐकू जायचं. "सिस्टर, तुझ्या आधी तुझ्या बुटांचा वास येतो!" "तुला वास येतो ना? मग तू अजून मेली नाहीस. ऊठ, पेज पी."

एकदा मी पाणी आणून आले तर सिस्टर घरामागे राखेने हात चोळत बसली होती. चोळून चोळून कातडी सोलायची वेळ आली होती.

"भितेस?" मी विचारलं.

"भिते की. मी काय लाकडाची आहे?"

"मग येतेस कशाला?"

तिने हातांवरची राख झटकली. "इथे आले की तुझी पोरगी माझ्या बुटांवर बोलायला लागते. मग विसरते."

मला वाटायचं, हिला देवाने भीती दिलीच नाही, म्हणून हिला जमतं. ती माझ्याएवढीच घाबरलेली होती, आणि तरी परवा पुन्हा येणार होती. ते पाहून मला जे वाटलं ते चर्चमध्येसुद्धा मला कधी वाटलं नव्हतं.

नोव्हेंबरात, मक्याची पेरणी तोंडावर असताना, ओता एका सकाळी गेली. सिस्टर नऊच्या सुमाराला पोचली. तिने ओताला आंघोळ घातली, मी दारात उभी राहून पाणी आत दिलं. तिने ओताला चर्चमध्ये गाणाऱ्या मुलींचा निळा झगा घातला, वेण्या घातल्या. मी आणि माझ्या जावेने मोठ्या पातेल्यात उगाली आणि घेवडा शिजवला. शवपेटी सुताराने आणून दिली, खड्डा पुरुषांनी कुंपणालगत खणला. लोक आले, खोटं कशाला बोलू, चाळीसएक जण आले. पण सगळे कुंपणापाशी, निलगिरीखाली. अंगणात पाऊल कुणी टाकेना. पातेलं चुलीजवळ वाफा टाकत होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर ल्यूकाच्या आईचा उकिरडा होता.

फिदेलिसीने पुस्तक उघडलं. तेवढ्यात सिस्टरने गमबूट काढून काठावर ठेवले, खड्ड्यात उतरली आणि छातीवर हात ठेवून आडवी झाली.

"बरं, काय हवंय?" फिदेलिसीने विचारलं. "तंगडी? कोंबडा? सांग लवकर, आभाळ भरून आलंय."

"मला काही नको. या घरचं जेवण सगळ्यांनी जेवायचं. तुम्ही जेवलात की मी उठते."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आमचं पोट भरलेलं आहे."

"फुकटच्या जेवणाला हेह्याचं पोट भरलेलं! हे नवीनच ऐकते मी."

एकजण हसला आणि लगेच थांबला. जागचं कुणी हललं नाही. ओताची पेटी दोन बाकांवर ठेवलेली. पावसाचे चार थेंब तिच्यावर पडले. कुणी घरी जायला वळलं तरी बाकीचे त्याच्या मागे गेले असते, हे मला दिसत होतं. खड्ड्यातून पुन्हा आवाज आला, या वेळी हळू.

"ओताच्या आई, ऐकतेस ना? उगाली ओताच्या ताटलीत वाढ. आधी तू जेव."

ती ताटली कुठे आहे हे फक्त मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. निळ्या काठाची पत्र्याची ताटली. घरामागे, लाकडांच्या ढिगाआड. पाच महिने मी ओताला त्याच ताटलीत वाढत होते, दारातून खाटेपर्यंत सरकवत होते, आणि काठीने बाहेर ओढून वेगळ्या पाण्याने धूत होते. मी जगाला घाबरत होते, की ते माझ्या लेकीला वाळीत टाकेल. तिला सगळ्यात आधी मीच टाकलं होतं. सिस्टर येईल त्या दिवशी त्याच ताटलीत ओताबरोबर जेवायची. मला दिसायचं, मी नजर वळवायचे. आणि पाच महिन्यांत ती मला त्यावरून एक शब्दही बोलली नव्हती, ती, जी कुणालाही काहीही बोलायची.

मी ताटली आणली. सगळ्यांसमोर तीत उगाली वाढली, घेवडा ओतला. पहिला घास तोंडात घातला आणि तो खाली उतरेना. सगळे माझ्याकडे बघत होते.

"काय गं," खड्ड्यातून आवाज आला, "तुझ्याच हातची आहे ना? एवढी वाईट झालीय?"

माझ्या तोंडातून हसू फुटलं, आणि हसता हसता घास उतरला, आणि मग मी मोठ्याने, गळा काढून रडले. "ओता, मला माफ कर गं," मी म्हणाले. ते सगळ्यांनी ऐकलं, ऐकू दे.

पुढे कोण आला असेल? फिदेलिसी. त्याने पुस्तक काखेत धरलं, पांढऱ्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सरकवली आणि त्याच ताटलीतून घास घेतला. "मीठ कमी आहे," तो म्हणाला. मग ल्यूकाची आई आली. ती जेवली, आणि जेवताना तिने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. मग तिच्यामागून बाया, मग पुरुष. ताटली रिकामी होत होती, माझी जाऊ ती भरत होती. पाऊस सुरू झाला तरी कुणी आडोशाला गेलं नाही.

सिस्टर उठली. सहा जणांनी माझ्या लेकीला हातांवर घेतलं आणि हळूच, दोरांनी, खाली ठेवलं. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, गाणी म्हटली. सिस्टरने ओताचा आवाज काढून स्वतःच्याच बुटांना नावं ठेवली आणि चाळीस माणसं हसली.

सगळं आटोपल्यावर ती चिखलाने माखलेली चुलीपाशी आली. "आता मला वाढ. सकाळपासून पोटात काही नाही."

मी पातेल्यात पळी घातली. ती खडखडली. तळाची खरवडसुद्धा उरली नव्हती. पातेलं तिच्यापुढे तिरपं केलं. तिने आत वाकून बघितलं. ती काहीतरी बोलणार, चाटूनपुसून खाणाऱ्या हेह्यांवरून नक्की काहीतरी बोलणार, म्हणून सगळे हसायला तयार होऊन उभे राहिले. ती चुलीशेजारी ओल्या जमिनीवर बसली आणि रिकामं पातेलं मांडीवर घेऊन रडायला लागली.

थट्टेच्या सोयऱ्याने मयताच्या घरी रडायचं नसतं. रडणं हे घरच्यांचं काम. कुणी तिला ते आठवून दिलं नाही. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिला रडू दिलं.